दारावरची पाटी आणि दारातला माणूस

सांगलीच्या गावभागात आमचे जुने घर आहे. कृष्णेला पूर आला की ज्या गल्ल्यांत पाणी सर्वांत आधी शिरते, त्यांपैकी एका गल्लीत. काही वर्षांपूर्वी माझ्या एका मामेभावाने कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत गाळा भाड्याने घेतला आणि यंत्रांचे सुटे भाग करून देणारी एक छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली. गाळा भाड्याचा, आज आहे तर उद्या नाही. तेव्हा कंपनीच्या कागदांवर कायमचा पत्ता कोणता घालायचा, असा प्रश्न आला. ‘‘आत्याचं घर आहे की!’’ तो म्हणाला. आईने लाइट बिलाची झेरॉक्स दिली, ना हरकत पत्रावर सही केली आणि वर पोहेही खाऊ घातले. दारावर कंपनीच्या नावाची पत्र्याची पाटी लागली. येणाऱ्या-जाणाऱ्याला आई ती कौतुकाने दाखवायची.

पुढे भावाचा धंदा वाढला. तो चाकणकडे गेला, बिऱ्हाडही तिकडेच हलवले. दिवाळीआधीच्या रंगकामात पाटी उतरली ती माळ्यावर गेली आणि तिथेच राहिली. कागदोपत्री पत्ता मात्र आमच्याच घराचा होता.

मग एके दिवशी पोस्टमन आला. ‘‘आजी, कंपनीच्या नावाचं रजिस्टर आहे.’’ आई म्हणाली, ‘‘अरे बाबा, तो आता पुण्याकडं असतो. इथं कंपनीचं कोणी नाही.’’ पाकीट शेरा घेऊन परत गेले. महिन्याभराने दुसरे आले, तेही परत गेले. नंतर कोर्टाचा बेलिफ आला. कोर्टाच्या कागदावर सही करायची नाही, ही आमच्या घरातली जुनी शिकवण! आईने सही केली नाही. त्याने कागद दारावर चिकटवला आणि तो निघून गेला. आईने भावाला फोन केला. ‘‘राहू दे गं आत्या, आलो की बघतो,’’ असे उत्तर मिळाले. तो आला तेव्हा दाव्याचा एकतर्फी निकाल होऊन गेला होता. पुढे दरखास्त दाखल झाली आणि ऐन पगाराच्या आठवड्यात कंपनीचे बँक खाते गोठले.

वाईट याचे वाटते की, भावाजवळ उत्तर होते. ज्या मालाच्या पैशासाठी दावा झाला, त्यातला निम्मा माल सदोष म्हणून परत गेला होता आणि त्याची चलने त्याच्या फायलीत नीट लावलेली होती. निकाल फिरवून घ्यायला त्याला दोन वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. घरात मात्र बरेच दिवस बोल लागला तो आईला. ‘‘तू ते पाकीट घ्यायला हवं होतंस.’’ पण तिला हे आधी सांगितले होते कोणी? पत्ता देताना तिने केवळ नात्याचा मान राखला होता. त्या पत्त्याबरोबर एक काम आपल्या दारी आले आहे, याची तिला कल्पनाच नव्हती. या कामाविषयी आज थोडे बोलायचे आहे; कारण सातारा-सांगलीकडच्या कितीतरी घरांत असा कोणाचा तरी पत्ता सांभाळला जात असेल.

कंपनी ही कायद्याच्या दृष्टीने एक व्यक्तीच. ती मालमत्ता घेते, कर्ज काढते, दावा लावते, तिच्यावरही दावा लागतो. पण तिला हात नाहीत, पाय नाहीत. तिला शोधायचे कुठे? म्हणून कायदा तिला एक घर घ्यायला लावतो. त्याचे नाव नोंदणीकृत कार्यालय. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १२ व्या कलमाप्रमाणे कंपनीला, स्थापना झाल्यापासून ३० दिवसांच्या आत आणि त्यानंतर सदासर्वकाळ, असे कार्यालय असावे लागते. तिच्या नावे येणारी पत्रे आणि नोटिसा घेण्याची आणि त्यांची पोहोच देण्याची तिथे सोय असली पाहिजे, असे कायदा म्हणतो. दाराबाहेर नाव आणि पत्ता ठळक अक्षरांत लिहिलेला हवा आणि तो स्थानिक भाषेतही हवा; म्हणजे आपल्याकडे मराठीत. पत्ता बदलला तर ३० दिवसांत कळवायचे. चुकल्यास दिवसाला हजार रुपये आणि जास्तीत जास्त लाखापर्यंत दंड. तोही एकट्या कंपनीला नाही, जबाबदार अधिकाऱ्यांनाही.

हे कार्यालय म्हणजे कारखाना असतो असे नाही. किर्लोस्करांचे उदाहरण घ्या. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर कारखाना उभा केला आणि त्यातून किर्लोस्करवाडी वसली. पंप आजही वाडीत होतात, पण कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय पुण्यात आहे. यात गैर काही नाही. काम एका जागी आणि उत्तर देण्याची जागा दुसरीकडे, असे चालते. मात्र उत्तर देण्याची जागा कोठेतरी असावी लागते आणि ती जागती असावी लागते.

जागती असावी असे म्हणतो, कारण पाकीट परत गेले म्हणजे संकट टळले, हा आपल्याकडचा मोठा गैरसमज आहे. बरोबर पत्त्यावर, पुरेसे टपाल भरून रजिस्टरने पाठवलेला कागद पोहोचला असे गृहीत धरण्याची तरतूद आपल्या कायद्यात फार जुनी आहे. नोंदणीकृत पत्त्यावर कागद ठेवला किंवा टपालाने पाठवला, तरी कंपनीवर बजावणी होऊ शकते. ‘घेण्यास नकार’ हा शेरा घेणाऱ्याचे रक्षण करत नाही, उलट त्याच्याच विरुद्ध जातो. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्टाची वेगळी सेवा स्पीड पोस्टात मिसळली गेली. पाकिटाचे नाव बदलले. त्यातल्या कागदाचे वजन तेवढेच राहिले.

शिवाय त्या कागदाला मुदत असते. चेक वटला नाही म्हणून नोटीस आली, तर ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे चुकते करावे लागतात. नाही तर फौजदारी तक्रारीचा रस्ता मोकळा होतो. दाव्यात लेखी कैफियत द्यायला मूळ मुदत ३० दिवसांची. त्यातले आठ दिवस पाकीट देवघरातल्या फडताळात पडून राहिले, तर तेवढे दिवस बुडाले. सांगलीचा हळदवाला असो, तासगावचा बेदाणेवाला असो की साताऱ्याच्या वसाहतीतला लघुउद्योजक, उधारी आणि चेक यांच्याशिवाय कोणाचाच व्यवहार चालत नाही. त्यामुळे हा प्रश्न फक्त बड्या कंपन्यांचा नाही. भागीदारीचे नवे रूप असलेल्या एलएलपीलाही नोंदणीकृत कार्यालय लागते आणि आपल्या गावोगावच्या सहकारी संस्थांनाही नोंदलेला पत्ता ठेवावा लागतो.

कंपनीचे दार ठोठावणे म्हणजे काय, हे सातारकरांना वेगळे सांगायला नको. १८३९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने छत्रपती प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीला पाठवले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तिथे राहिले. हिंदुस्थानात ज्या सरकारपुढे संस्थानांना माना तुकवाव्या लागत होत्या, ते सरकार लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवर एक कंपनी होते. तिला इमारत होती, संचालक होते, भागधारकांची सभा होती. रंगो बापूजींनी त्या सभेपर्यंत आणि पार्लमेंटपर्यंत गाऱ्हाणे नेले. न्याय मिळाला नाही. महाराज १८४७ मध्ये काशीलाच वारले आणि पुढच्या वर्षी संस्थानही खालसा झाले. तरीही इतकी वर्षे एक सातारकर गाऱ्हाणे घेऊन जात राहिला, कारण जायला एक जागा होती. दार असले म्हणजे न्याय मिळतोच असे नव्हे. पण दारच नसेल, तर गाऱ्हाण्याला सुरुवातसुद्धा होत नाही.

आपल्या दोन्ही गावांनी हा अनुभव अलीकडच्या काळातही घेतला, आणि तो उलट्या बाजूने. सांगली बँक १९१६ मध्ये सांगलीत सुरू झाली, युनायटेड वेस्टर्न बँक १९३६ मध्ये साताऱ्यात. दोन्ही बँका वाढल्या, दूरदूर शाखा निघाल्या, तरी एकीचे मुख्यालय सांगलीत राहिले आणि दुसरीचे साताऱ्यात. कंपनीची वार्षिक सभा नोंदणीकृत कार्यालयात किंवा त्याच गावात घ्यायची, असा कायद्याचा दंडक. त्यामुळे शंभर शेअर बाळगणारा निवृत्त मास्तरही, सातारा न सोडता, सभेत उभा राहून मराठीत प्रश्न विचारू शकत होता. अध्यक्ष संध्याकाळी बाजारात भेटायचे. प्रश्नाचे उत्तर नीट दिले नाही, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा गाठ होतीच.

सप्टेंबर २००६ मध्ये युनायटेड वेस्टर्न बँकेच्या व्यवहारांवर निर्बंध आले आणि ऑक्टोबरमध्ये ती आयडीबीआय बँकेत विलीन झाली. एप्रिल २००७ मध्ये सांगली बँक आयसीआयसीआय बँकेत गेली. विलीनीकरण योग्य होते की अयोग्य, हा आजचा विषय नाही. बँकांची तब्येत बिघडली होती हे खरे आणि ठेवीदारांच्या ठेवी सुरक्षित राहिल्या हे त्याहून महत्त्वाचे. पण सात महिन्यांच्या आत दोन जिल्ह्यांच्या दोन्ही बँकांचे उत्तर देण्याचे ठिकाण हलले. आयडीबीआयचे नोंदणीकृत कार्यालय मुंबईत आणि आयसीआयसीआयचे गुजरातेत, वडोदऱ्याला. सांगलीतली शाखा तिथेच राहिली, काउंटरवरचे चेहरेही काही दिवस तेच होते. सांगलीच्या भागधारकाला मात्र सभेत प्रश्न विचारायचा, तर रात्रीची गाडी पकडून वडोदरा गाठण्याची वेळ आली. नोंदणीकृत पत्ता ही नुसती कागदावरची ओळ असती, तर हा फरक कोणाला जाणवला नसता.

अमेरिकेत या कामाला वेगळे नाव आहे आणि त्यासाठी वेगळा माणूसही नेमलेला असतो. तिकडे ज्या राज्यात कंपनी नोंदवायची, त्या राज्यात ‘रजिस्टर्ड एजंट’ दाखवावा लागतो. त्याचे काम एवढेच की, कामाच्या वेळेत ठरलेल्या पत्त्यावर हजर राहायचे, कंपनीच्या नावे आलेले समन्स आणि सरकारी कागद घ्यायचे आणि ते मालकाला तातडीने पोहोचवायचे. नुसता पोस्टाच्या पेटीचा क्रमांक चालत नाही. रस्त्यावरचे खरेखुरे दार लागते. हा तिथे वार्षिक शुल्क घेऊन करण्याचा धंदा झाला आहे. डेलावेअर राज्यात विल्मिंग्टन गावी ऑरेंज स्ट्रीटवर एक बैठी इमारत आहे. तिच्या पत्त्यावर दोन लाखांहून अधिक कंपन्या नोंदलेल्या असल्याचे अनेकदा छापून आले आहे. त्या व्यवस्थेचा गैरवापरही पुष्कळ होतो, म्हणून तिचे आंधळे कौतुक नको. पण तिच्यात एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. कागद घेणारा कोण, हे आधी ठरलेले असते आणि आपण तो घेणार आहोत, हे त्यालाही ठाऊक असते.

आपल्या कायद्याला ही कल्पना परकी नाही. परदेशी कंपनी भारतात कारभार थाटते तेव्हा, तिच्या वतीने समन्स आणि नोटिसा स्वीकारण्याचा अधिकार असलेल्या, भारतात राहणाऱ्या व्यक्तीचे नाव आणि पत्ता तिला कळवावा लागतो. देशी कंपनीकडे मात्र जागेचा पुरावा मागतात. भाडेकरार किंवा मालकीचा कागद, घरमालकाचे ना हरकत पत्र, दोन महिन्यांहून जुने नसलेले लाइट बिल. २०१७ मध्ये वर्षानुवर्षे विवरणपत्रे न भरणाऱ्या दोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावे सरकारने नोंदवहीतून काढली. २०१९ मध्ये जुन्या कंपन्यांकडून कार्यालयाचे फोटो मागवले. इमारत बाहेरून दिसली पाहिजे आणि आत किमान एक संचालक बसलेला दिसला पाहिजे. निबंधकाला प्रत्यक्ष तपासणीचा आणि दिलेल्या पत्त्यावर कंपनी नसेल तर तिचे नाव काढण्याची कारवाई सुरू करण्याचा अधिकारही मिळाला. हे सारे योग्यच झाले. पण फोटो एका दिवसाचा असतो. त्या दिवशी खुर्चीत बसलेला संचालक दुसऱ्या दिवशी चाकणला गेला, की दार उघडणार ती आत्याच.

म्हणून आमची सूचना साधी आहे. देशी कंपनीकडूनही लाइट बिलाबरोबर एक नाव मागावे. या पत्त्यावर कागद कोण घेणार, त्याला ते मान्य आहे का, त्याची सही आहे का? आज घरमालक ना हरकत देतो ती जागा वापरू देण्यापुरती. कागद स्वीकारून पोहोचवण्याची जबाबदारी त्याला कोणी समजावून सांगत नाही. एक ओळ आणि एक सही वाढली तर कोणावर फार मोठे ओझे पडणार नाही. कोणी म्हणेल, आता सगळे ई-मेलवर येते, मग दाराचा एवढा बाऊ कशाला? ई-मेल येते हे खरे. पण बेलिफ अजून दारावरच येतो आणि कागद चिकटवतो तोही दारावरच.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर घरच्या घरी करण्यासारखे पुष्कळ आहे. मुलगा, पुतण्या, भाचा कंपनीसाठी पत्ता मागायला आला, तर जरूर द्यावा. आपल्या माणसाच्या धंद्याला आपण हात द्यायचा नाही तर कोणी द्यायचा? पण देताना दोन प्रश्न विचारावेत. तुझ्या नावे कागद आला तर त्याच दिवशी कोणाला फोन करायचा? आणि तू दुसरीकडे गेलास तर पत्ता बदलून घेणार कधी? पाकीट आले की घ्यावे, वर तारीख आणि वेळ लिहावी, एका वहीत नोंद करावी आणि पाकीट न उघडता, पण न विसरता, पुढे धाडावे. समन्सवर पोहोच म्हणून केलेली सही ही कर्जाची कबुली नसते, एवढे घरातल्या वडीलधाऱ्यांना समजावून सांगावे. आणि ज्याची कंपनी आहे त्याने, मावशी-आत्याच्या भरवशावर पत्ता ठेवताना, महिन्यातून एकदा तरी ‘काही आलंय का?’ असे विचारावे. या चौकशीला एका फोनचा खर्च येतो. ती न केल्याचा खर्च आमच्या घराने पाहिला आहे.

व्यापारात पत ही मोठी गोष्ट, असे आपण नेहमी म्हणतो. सांगलीच्या बाजारात हळदीचा अडत्या दुकानावर स्वतःच्या नावाची पाटी लावून बसतो, तेव्हा शेतकऱ्याला त्या पाटीचा आधार वाटतो. परगावचा खरेदीदार कोण, कुठला, हे शेतकऱ्याला माहीत नसले तरी चालते. पैसे अडले तर कोणाच्या पायरीवर जाऊन बसायचे, हे त्याला माहीत असते. कंपनीच्या पाटीनेही समाजाला नेमका हाच शब्द दिलेला असतो. येणे मागायला या, जाब विचारायला या, आमच्यावर दावा लावला असेल तरी या. इथे कोणीतरी भेटेल. मर्यादित जबाबदारीची सवलत कायद्याने कंपनीला दिली आहे. तिच्या बदल्यात एवढे तरी तिने पाळायला हवे.

आमच्या घरी आता ती पाटी नाही. भावाने पत्ता रीतसर चाकणला नेला आणि तिथल्या कार्यालयात टपाल घेण्याचे काम एका जबाबदार मुलीकडे दिले. तिच्या टेबलावर आवकजावक रजिस्टर असते आणि भाऊ रोज संध्याकाळी ते चाळतो. आई थकली आहे, पण दारावर कोणी कागद घेऊन आले तर हल्ली ती आधी चष्मा मागते, नाव नीट वाचते आणि शेजारच्यांचे पाकीट असले तरी त्यांना हाक मारून त्यांच्या हातात देते. मागच्या वेळी सांगलीला गेलो तेव्हा तिने मला विचारले, ‘‘त्या वेळी मी सही केली असती, तर त्याचं एवढं झालं नसतं ना?’’ मी म्हणालो, ‘‘आई, सही कशाची करायची, हे आम्हीच तुला सांगायला हवं होतं.’’